वन्य सॅल्मनसाठी नदीची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, म्हणजे मुख्यतः वॉशिंग्टन, ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या नद्यांबद्दल आहेत. भारताबद्दलचा प्रश्न वारंवार येतो, त्याचं उत्तर १४ व्या क्रमांकावर आहे. मापं मेट्रिकमध्ये दिली आहेत.

१. सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. मासळीबाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण दोघांची कुळं वेगळी. पॅसिफिक सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, जन्मलेल्या नदीत परत येऊन अंडी घालतो आणि मरतो. या किनाऱ्यावर चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक या पाच जाती आहेत. स्टीलहेड त्यांचा जवळचा नातेवाईक, पण तो अंडी घातल्यावर जगू शकतो. दुकानात मिळणारा बराचसा सॅल्मन तर नॉर्वे किंवा चिलीतल्या पिंजऱ्यांत वाढलेला अटलांटिक सॅल्मन असतो, त्याचा या पानाशी संबंध नाही. 'वन्य' म्हणजे हॅचरीच्या (माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्राच्या) ट्रेमध्ये नव्हे तर नदीच्या तळातच अंड्यातून बाहेर आलेला मासा.

२. मासा वाढतो समुद्रात. मग नदी दुरुस्त करून काय होणार?

समुद्रात काय होईल ते आपल्या हातात नाही, नदीत काय होईल ते बरंच आहे. नुसतं गणित म्हणून पाहा. एका चिनूक मादीने ४,००० अंडी घातली, त्यातली ५ टक्के पिल्लं समुद्रापर्यंत पोचली तर ती २००. त्यातली १ टक्का परत आली तर २ मासे, म्हणजे आई-बापाची जागा कशीबशी भरली. नदीतली जगण्याची टक्केवारी ५ वरून १० झाली, तर समुद्र तसाच वाईट असूनही ४ मासे येतात. समुद्राची वर्षं चांगली-वाईट येतातच. २०१४ ते २०१६ मध्ये ईशान्य पॅसिफिकमध्ये उष्ण पाण्याचा मोठा पट्टा ठाण मांडून होता, त्याचा फटका अनेक नद्यांच्या माशांना बसला. अशा वर्षांतून तरून जायची ताकद नदीतल्या चांगल्या अधिवासातून येते.

३. सॅल्मनला नदीत नेमकं काय लागतं?

चार गोष्टी. पहिली, सैल गोटे. मादी शेपटीने तळ उकरून खळगा करते, अंडी घालते आणि वर गोटे ढकलून झाकते. ढोबळ नियम असा की साधारण आपल्या लांबीच्या दहाव्या भागाएवढे गोटे ती हलवू शकते. ८० सें.मी. मादीला ८ सें.मी.चा गोटा झेपतो, त्याहून मोठे दगड असले तर ती पुढे जाते.

दुसरी, त्या गोट्यांमधून खेळणारं पाणी. अंड्यांना प्राणवायू त्यातूनच मिळतो. ०.८५ मि.मी.पेक्षा बारीक गाळाचं प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या वर गेलं की अंडी गुदमरायला लागतात, आणि जी फुटतात त्यांची पिल्लं वर येताना गाळाच्या थराखाली अडकतात.

तिसरी, थंड पाणी. अंड्यांसाठी १३ अंश सेल्सिअसपर्यंत, पिल्लांच्या वाढीसाठी १६ च्या आसपास, प्रवासासाठी २० च्या आत. हे आकडे सात दिवसांच्या कमाल तापमानाच्या सरासरीचे आहेत, दुपारी एकदा थर्मामीटर बुडवून मिळणारे नव्हेत. चिनूकची अंडी फुटायला सुमारे ५०० अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज) लागतात, पिल्लू गोट्यांतून वर यायला जवळपास १,०००. पाणी ८ अंशांचं असेल तर अनुक्रमे दोन आणि चार महिने. तेवढा काळ तो खळगा कुणी तुडवता कामा नये.

चौथी, आडोसा आणि संथ पाणी. ही गरज जातीप्रमाणे बदलते. चम आणि पिंकची पिल्लं वर आली की लगेच समुद्राकडे निघतात, त्यांना नदीमुखाची दलदल महत्त्वाची. कोहो वर्षभराहून जास्त नदीत राहतो, त्याला हिवाळ्यातल्या पुरात शिरायला बाजूची डबकी, उपपात्रं आणि डोह हवेत. सॉकायला बहुधा तलाव लागतो. तुमच्या ओढ्यात कोणती जात येते हे कळल्याशिवाय आराखड्याला हात घालू नका.

४. पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करावी?

जिथे अधिवास अजून चांगला आहे तो आधी वाचवा, तेच सगळ्यात स्वस्त. मग तुटलेली वाट जोडा : मोऱ्या, बांध, बंद पडलेली उपपात्रं. मग पाणी, गाळ आणि लाकूड नदीत ज्या मार्गाने येतं ते मार्ग सुधारा, म्हणजे डोंगरातले जुने लाकूडतोडीचे रस्ते आणि उघडे पडलेले काठ. पात्रात ओंडके, गोटे टाकणं शेवटी.

प्रत्यक्षात क्रम उलटा होतो, कारण ओंडक्यांचा फोटो चांगला येतो. वरच्या रस्त्यावरून दर पावसात गाळ येत असेल तर खाली टाकलेली नवी खडी दोन-तीन हिवाळ्यांत बुजते. तसंच, वरची पाच किलोमीटर सुंदर करून ठेवली आणि खालची मोरी माशाला चढताच येत नाही, असंही घडतं. म्हणून अडथळ्यांची यादी समुद्रापासून वरच्या दिशेने करा.

५. रस्त्याखालच्या मोरीतून पाणी जातं, मग मासा का जात नाही?

पाणी उतारावरून खाली जातं, माशाला उलटं चढायचं असतं. अरुंद पाइपमध्ये पाण्याचा वेग वाढतो, आत विसाव्याला दगड नसतो, आणि बाहेर पडणारा झोत तळ खणत जातो. काही वर्षांत पाइपचं तोंड हवेत लटकतं. वॉशिंग्टनच्या तपासणी पद्धतीत तोंडाशी पाण्याची पातळी ०.२४ मीटर किंवा जास्त पडत असेल तर मोरी अडथळा धरतात. मोठा चिनूक याहून उंच उडी मारतो हे खरं, पण बोटभर कोहोचं पिल्लू मारत नाही, आणि पिल्लंही ऋतूप्रमाणे वर-खाली करत असतात.

नवी मोरी ओढ्याची नक्कल करणारी हवी. तळाची रुंदी काढायचं सूत्र : पात्र काठोकाठ भरल्यावरची रुंदी गुणिले १.२, अधिक ०.६ मीटर. ओढा ४ मीटरचा असेल तर मोरी ५.४ मीटर. गोल किंवा पेटीच्या आकाराची असेल तर तिच्या उंचीचा ३० ते ५० टक्के भाग जमिनीत गाडून आत ओढ्यासारखेच गोटे भरायचे. इथे दोन चुका हमखास होतात. रुंदी जुन्या मोरीजवळ मोजली जाते, जिथे पात्र मोरीमुळेच बिघडलेलं असतं. मोजमाप मोरीच्या परिणामापासून दूर, वर किंवा खाली घ्या. दुसरी चूक गोट्यांत बारीक माल कमी घालायची : मग उन्हाळ्यात सगळं पाणी गोट्यांखालून वाहतं आणि वर कोरडं. वाळू-माती घालून पाइपाने पाणी मारत फटी बुजवून घ्याव्या लागतात.

हा विषय फक्त अभियांत्रिकीचा नाही. १८५४-५५ च्या करारांत इथल्या आदिवासी राष्ट्रांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. १९७४ च्या निकालाने (न्यायाधीश बोल्ट यांचा, म्हणून 'बोल्ट निकाल') मासळीतला त्यांचा अर्धा वाटा मान्य केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी मतं पडल्याने वॉशिंग्टन राज्याने मासे अडवणाऱ्या मोऱ्या बदलाव्यात हा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला.

६. नदीत ओंडके मुद्दाम का टाकतात? ते तर काढायला हवेत ना?

तसंच समजून १९५० ते ७० च्या दशकांत सरकारी खात्यांनीच ओंडक्यांचे ढीग उपसून काढले. मासे अडतात असं वाटायचं. परिणाम असा की पाणी सरळ धावू लागलं, तळातले गोटे वाहून गेले, खाली कातळ उघडा पडला. ओंडका पाण्याला वळवतो, खालच्या अंगाला डोह खणतो, वरच्या अंगाला गोटे साठवतो आणि पिल्लांना लपायला जागा देतो.

आकार महत्त्वाचा. ओरेगनमधल्या मार्गदर्शक नियमाप्रमाणे मुख्य ओंडका भरल्या पात्राच्या रुंदीच्या दुप्पट लांब हवा, मुळांच्या गड्ड्यासकट असेल तर दीडपट चालतो. ३ ते ६ मीटरच्या ओढ्यात किमान ४० सें.मी. व्यास, ९ मीटरपेक्षा रुंद पात्रात ५५ सें.मी. डग्लस फर आणि रेड सीडर टिकतात, आल्डर लवकर कुजतो. गड्डा असलेलं झाड मिळवायचं तर ते करवतीने कापायचं नाही, एक्स्कॅव्हेटरने मुळासकट ढकलून पाडायचं.

७. पुरात ते वाहून पुलाला अडकले तर?

अडकतात, म्हणूनच आधी खाली पूल, घरं, पाणी उपसायचे पंप किती अंतरावर आहेत ते पाहायचं. जंगलात, खाली काही नसेल तिथे लांब ओंडके मोकळे ठेवले तरी चालतात, थोडे सरकले तर बिघडत नाही. वस्तीजवळ मात्र हिशेब करून वजन द्यावं लागतं.

हिशेब असा. वाळलेल्या लाकडाचा १ घनमीटर सुमारे ५०० किलो, म्हणजे पूर्ण बुडाल्यावर तो आणखी ५०० किलोच्या जोराने वर उचलतो. दगडाचा १ घनमीटर २,६५० किलो, पण पाण्याखाली त्याचं वजन १,६५० किलोच भरतं. ६० सें.मी. व्यासाचा ९ मीटर ओंडका म्हणजे सुमारे २.५ घनमीटर, उचल पावणेतेरा क्विंटल. त्याला दाबून ठेवायला दीडपट सुरक्षितता धरून जवळपास ३ टन दगड लागतात. दगडाचं कोरडं वजन धरून हिशेब करणारे इथेच फसतात. शिवाय ही नुसती तरंगण्याची उचल झाली. वाहत्या पाण्याचा आडवा रेटा आणि खालून होणारी खोदाई वेगळी मोजायची. बहुतेक रचना वरून उचलल्या जाऊन नव्हे, बुडाखालची वाळू खणली जाऊन कोसळतात. म्हणून मोठ्या रचनेचे खांब तळाच्या अपेक्षित खोदाईच्याही खाली उतरवतात. लोखंडी दोर शक्यतो टाळा. लाकूड कुजतं, दोर राहतो आणि पोहणाऱ्याच्या वा राफ्टच्या वाटेत येतो.

८. बीव्हरचे बांध माणसांनी बांधायचे, हे काय प्रकरण आहे?

बीव्हर हा मोठा कुरतडणारा प्राणी, फांद्या-चिखलाचे बांध घालतो. कातडीसाठी तो जवळपास संपवला गेला आणि अनेक ओढे खोल, चरासारखे झाले. अशा ओढ्यांत साधारण ७ ते १० सें.मी. जाड, रसायन न लावलेले लाकडी खांब अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर अंतरावर ठोकतात, निदान मीटरभर खोल, आणि त्यांत विलोच्या (आपल्या वाळुंजाचा भाऊबंद) फांद्या विणून, बुडाला माती-गोटे भरून पाणी तुंबवतात. यंत्र म्हणाल तर खांब ठोकायचं हायड्रॉलिक पाउंडर, बाकी हातकाम. ओरेगनच्या ब्रिज क्रीकमध्ये या पद्धतीने स्टीलहेडच्या पिल्लांचं जगणं आणि उत्पादन वाढल्याचं मोजमापाने दिसलं.

एकटा बांध कधी घालू नका. मालिका घाला, म्हणजे एक फुटला तर खालचा गाळ धरतो. बांध कडेने फोडून पाणी जाणं हे दर वेळी अपयश नसतं, कधी कधी तेच हवं असतं, कारण काठ खचून पात्र रुंद होतं. माशाला चढता येतं का, ही शंका रास्त आहे. बांध गळका आणि बुटका ठेवला, शेजारून एखादी वाट राहिली, तर सहसा येतं.

९. काठावर लावलेली झाडं मरतात. का?

बहुतेक वेळा गवत-झुडपांनी. रीड कॅनरीग्रास आणि हिमालयन ब्लॅकबेरी (नावावर जाऊ नका, मूळची आर्मेनियाकडची) रोपांना एका उन्हाळ्यात झाकून टाकतात. लावणीइतकाच खर्च पुढच्या तीन ते पाच वर्षांच्या निगराणीला राखून ठेवा. दात्यांना लावणी दिसते, निंदणी दिसत नाही, आणि अर्ज तसेच लिहिले जातात.

विलो छाटांवरून लागतो. पानं गळालेली असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन बोटं जाड, पाऊण-एक मीटरची छाट कापायची, डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन-तृतीयांशाहून जास्त जमिनीत ठोकायची. खालचं टोक उन्हाळ्यातल्या भूजल पातळीपर्यंत पोचलं पाहिजे. पोचलं नाही तर ती मे महिन्यात फुटते आणि ऑगस्टमध्ये वाळते. उलटी ठोकलेली छाटही दर लावणीत काही सापडतात, म्हणून वरचं टोक सरळ आणि खालचं तिरकं कापायची सवय लावा. सावली आणि ओंडक्यांसाठी मात्र सूचिपर्णी हवेत, आणि त्यांचा लाकूड म्हणून उपयोग व्हायला अनेक दशकं जातात. मधल्या काळासाठीच प्रश्न ६ मधले ओंडके.

१०. यंत्रं नदीत उतरली तर आतले मासे मरत नाहीत का?

नीट केलं नाही तर मरतात. म्हणून पात्रातलं काम फक्त ठरलेल्या उन्हाळी मुदतीत चालतं, बहुधा जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. नेमक्या तारखा ओढ्याप्रमाणे बदलतात. वॉशिंग्टनमध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची परवानगी लागते, शिवाय बहुतेक कामांना आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (केंद्र सरकारचं लष्करी अभियंता खातं).

क्रम असा : वर-खाली जाळी लावून तुकडा बंद करायचा, ओढजाळ्याने मासे काढायचे, उरलेले विजेच्या सौम्य झटक्याने, तेही प्रशिक्षित माणसाने. मग पाणी पाइपने वळवून पात्र हळूहळू कोरडं करायचं आणि शेवटच्या डबक्यांवर माणूस उभा ठेवायचा, कारण पिल्लं तिथेच राहतात. पंपाच्या तोंडाला २.४ मि.मी.पेक्षा मोठं छिद्र नसलेली जाळी हवी, आणि जाळीजवळ पाण्याची ओढ इतकी कमी की पिल्लू चिकटणार नाही. आपोआप साफ होणाऱ्या जाळीला सेकंदाला १२ सें.मी., साध्या जाळीला ६. काम संपल्यावर पाणी एकदम सोडू नका. पहिला गढूळ लोंढा अडवून बाजूच्या जमिनीवर जिरवा.

११. धरण पाडलं की मासे परत येतात?

वर अधिवास शाबूत असेल तर, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीवर १९१३ चं ३३ मीटरचं आणि १९२७ चं ६४ मीटरचं, अशी दोन धरणं होती. दोन्हींत माशांसाठी वाट नव्हती. समुद्रापासून जेमतेम ८ किलोमीटर नदी उरली होती, वर ११० किलोमीटरहून अधिक बंद. पाडायचा कायदा १९९२ चा, काम सुरू झालं २०११ मध्ये, संपलं २०१४ मध्ये. वरचा भाग ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात असल्याने तो तसाच चांगला राहिला होता, हे एल्वाचं नशीब.

अडचण गाळाची. दोन्ही तलावांत मिळून दोन कोटी घनमीटरहून जास्त गाळ होता. तो नदीलाच नेऊ द्यायचा असं ठरवून धरण टप्प्याटप्प्याने उतरवलं. तरी पाणी घेण्याच्या जागा तुंबल्या आणि २०१२ च्या अखेरीपासून काम वर्षभर थांबवावं लागलं. याच काळासाठी चिनूकची हॅचरी राखीव साठा म्हणून चालू ठेवली होती. पुढे गाळाने नदीमुखाशी नवा किनारा तयार केला. वर अडकून राहिलेल्या रेनबो ट्राउटमधून (स्टीलहेडचीच जात, पण समुद्रात न जाणारी) समुद्रात जाणारा उन्हाळी स्टीलहेड पुन्हा दिसू लागला. २०११ पासून बंद असलेली मासेमारी २०२३ मध्ये लोअर एल्वा क्लालम या तिथल्या आदिवासी लोकांसाठी कोहोपुरती, मर्यादित स्वरूपात उघडली. चिनूकची वाढ मात्र संथ आहे.

ओरेगनमधून कॅलिफोर्नियात वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये गेली. तिथे २००२ च्या सप्टेंबरमध्ये कमी आणि कोमट पाण्यात रोग पसरून हजारो प्रौढ मासे मेले होते. युरोक, कारुक आणि इतर आदिवासी राष्ट्रांचा लढा त्यानंतर पेटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, काम संपल्या संपल्या, ओरेगनच्या हद्दीतल्या उपनदीत चिनूक दिसला. पण वर अजून दोन धरणं आहेत, आणि शेतीच्या पाण्याचा प्रश्न धरणाबरोबर गेलेला नाही.

१२. त्यापेक्षा हॅचरीतून लाखो पिल्लं सोडणं सोपं नाही का?

सोपं आहे, आणि शतकाहून जास्त काळ तेच चालू आहे. मासेमारीला त्याचा उपयोग होतो. पण ट्रेमध्ये जगणारं पिल्लू नदीत जगेलच असं नाही, आणि ते वन्य माशांशी जोडी जमवतं तेव्हा दोष पुढे जातो. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरच्या अभ्यासात बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे प्रजननक्षमता सुमारे ४० टक्के घटल्याचं आढळलं. राखीव साठा म्हणून ठरावीक मुदतीची हॅचरी (प्रश्न ११) समर्थनीय आहे. अधिवासाऐवजी हॅचरी, हे नाही.

१३. ओढा उत्तम झाला, कोहो आले, आणि अंडी न घालताच तासाभरात गोल गोल फिरून मेले. काय चुकलं?

ओढ्याच्या कामात कदाचित काहीच नाही. शहरी ओढा असेल आणि नुकताच पाऊस पडला असेल तर टायरवर संशय घ्या. रबर तडकू नये म्हणून टायरमध्ये ६पीपीडी हे रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं आणि रस्त्यावरच्या धुळीतून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं. सिॲटल भागातल्या कोहोंच्या मृत्यूमागे हेच आहे हे २०२० मध्ये उघड झालं. त्याच पाण्यात चम धडधाकट पोहतो, म्हणून वर्षानुवर्षं उलगडा होत नव्हता.

उपाय पाण्यात नाही, रस्त्याच्या कडेला आहे. पावसाचं पाणी ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्टच्या ४५ सें.मी. थरातून गाळलं तर मासे वाचतात. कंपोस्टमधून फॉस्फरस सुटतो, त्यामुळे शेवाळाचा त्रास असलेल्या तलावाशेजारी हे मिश्रण वापरू नये. आराखडा करतानाच वाहतुकीच्या रस्त्याचं पाणी कुठे पडतं ते तपासा. मोरी उघडून कोहोला विषारी ओढ्यात बोलावण्यात अर्थ नाही.

१४. हे भारतात लागू पडतं का?

सॅल्मन नाही, पण वाट अडण्याची गोष्ट तीच. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाल्यावर गंगेत वरपर्यंत चढणारा हिलसा तुटला. सह्याद्रीतला महसीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात अंडी घालायला गोट्यांच्या वरच्या प्रवाहात चढतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी सगळे काढले तर वाट काही प्रमाणात मोकळी राहते. काही बरगे तसेच राहिले तर प्रश्न ५ मधल्या लटकत्या पाइपसारखीच अवस्था. लोणावळ्याला टाटा पॉवरचं महसीर बीज केंद्र आहे, पण सोडलेल्या पिल्लांना गोटे आणि डोह लागणारच. ओंडक्यांची मापं मात्र इकडे जशीच्या तशी आणू नका. मोसमी पुराचा हिशेब वेगळा.

१५. यश आलं हे कधी कळतं?

कोहोची पिढी तीन वर्षांची. तीन पिढ्या पाहायच्या तर नऊ वर्षं, आणि कामाआधीची दोन-तीन वर्षंही मोजलेली हवीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? शेजारचा एक न छेडलेला ओढा बरोबरीने मोजा, म्हणजे समुद्राचं चांगलं वर्ष आपल्या खात्यात जमा होत नाही. परतलेले मासे मोजणं पुरेसं नाही, समुद्राकडे निघालेली पिल्लं मोजा, कारण नदीचं काम तिथे संपतं. ओंडक्याखाली पिल्लांची गर्दी दिसली म्हणजे संख्या वाढलीच असं नाही. ती शेजारच्या डोहातून तिथे आलेली असू शकतात.

१६. आम्ही सिॲटलजवळ रेडमंड-इसाक्वाच्या बाजूला राहतो. मुलांना घेऊन काय करता येईल?

हिवाळ्यात लावणी, उन्हाळ्यात निंदणी. उन्हाळ्यात माणसं कमी पडतात, तेव्हा जा. इसाक्वाची हॅचरी १९३६ पासून आहे, शरद ऋतूत तिथे मासे चढताना जवळून दिसतात. शरद ते वसंत ओढ्यात पाय घालू नका. आजूबाजूच्या तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा गोट्यांचा पट्टा दिसला तर तो अंड्यांचा खळगा समजा. कुत्रा बांधून ठेवा. कच्चा सॅल्मन खाल्ला तर त्यातल्या कृमीतून कुत्र्यांना एक जिवाणूजन्य आजार होतो, उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. मेलेले मासे काठावरच राहू द्या, त्यांच्यातलं सत्त्व ओढ्याला आणि झाडांना हवंच असतं.

१७. अडथळा काढू नये, असं कधी असतं का?

असतं. अमेरिकेच्या पूर्वेकडून आणलेला ब्रूक ट्राउट खाली असेल आणि मोरीच्या वर मूळचा बुल ट्राउट किंवा कटथ्रोट एकटा टिकून असेल, तर ती वाईट मोरीच त्याचं रक्षण करत असते. ब्रूक ट्राउट कटथ्रोटला जागेवरून हटवतो आणि बुल ट्राउटशी संकर करतो. आधी दोन्ही बाजूंना कोण राहतं ते पाहा, पाण्यातल्या डीएनएची चाचणी आता परवडते. नैसर्गिक धबधबाही सॅल्मनच्या नावाखाली फोडू नये, वरचे मासे त्याच्यामुळेच वेगळे राहिलेले असतात. अशा जागी मोरी बदलायची वेळ रस्त्यासाठी आलीच, तर नव्या बांधकामात अडथळा मुद्दाम ठेवावा लागतो, आणि त्याची वेगळी मंजुरी घ्यावी लागते.